कागदी फुग्याची कुळकथा

पतंगाच्या कागदाच्या निमुळत्या पाकळ्या कापायच्या, कडा खळीने चिकटवायच्या, खालचं तोंड उघडं ठेवायचं आणि हेअर ड्रायरची गरम हवा आत सोडायची. मुलांच्या हातचा हा फुगा वर उठतो. त्याचं कूळ शोधत गेलं, की आपण कागदवाल्यांच्याच घरी पोचतो.

फ्रान्समधल्या अ‍ॅनोने गावात माँगोल्फिए कुटुंबाचा कागदाचा कारखाना होता. त्या घरातल्या जोसेफने १७८२मध्ये लहान पिशव्या गरम हवेने उडवून पाहिल्या. मग धाकट्या एतियेनच्या साथीने त्याने मोठा फुगा बांधला: बाहेरून कापड, आतून कागद, जोडांना गुंड्या. ४ जून १७८३ रोजी गावासमोर तो आकाशात चढला. १९ सप्टेंबरला व्हर्सायमध्ये मेंढी, बदक आणि कोंबडा वर गेले, तर २१ नोव्हेंबरला पॅरिसवरून दोन माणसं उडाली.

या कुळाची मुळं त्याहून जुनी आहेत. चीनमध्ये कागदी उडते दिवे पूर्वीपासून होते. ब्राझीलमध्ये जन्मलेल्या बार्तोलोमेउ द गुस्माँव या पाद्र्याने १७०९मध्ये लिस्बनला पोर्तुगालच्या राजासमोर लहानसा कागदी फुगा उडवून दाखवला होता.

माँगोल्फिए बंधूंना मात्र वाटे, की फुगा धुराने उठतो. म्हणून ते ओला पेंढा आणि लोकर मुद्दाम जाळत. पुढे जिनिव्हाचे शास्त्रज्ञ सोस्यूर यांनी दाखवून दिलं, की हे काम धुराचं नसून उष्णतेचं आहे. तापलेली हवा प्रसरण पावते, हलकी होते आणि भोवतालची जड हवा तिला वर ढकलते. पाण्यात लाकूड ज्या नियमाने तरंगतं, तोच आर्किमिडीजचा नियम इथेही लागू पडतो.

आता हिशेब पाहा. २० अंश सेल्सिअसला घनमीटरभर हवेचं वजन सुमारे १.२ किलो, ६० अंशांना जेमतेम १.०६. म्हणजे घनमीटरमागे उचल मिळते १४० ग्रॅमच्या आसपास. मीटरभर व्यासाच्या गोल फुग्यात जेमतेम अर्धा घनमीटर हवा मावते, म्हणजे कागद, खळ सगळं मिळून सत्तर ग्रॅमच्या आत बसवायचं! पण व्यास दुप्पट केला तर कागद चौपट लागतो आणि हवा आठपट मावते.

म्हणून मुलांना आधी छोटा फुगा करू द्यावा. तो बहुधा जमिनीवरच राहील. मग तशाच कागदाचा दुप्पट मोठा करायला सांगावं आणि तो का उठला, याचं उत्तर त्यांनाच मोजून काढू द्यावं.