गिटारची नखी
गिटारच्या तारा छेडण्यासाठी अंगठा व तर्जनीच्या चिमटीत धरायची पातळ चकती. वादक तिला सर्रास ‘पिक’ म्हणतात. प्रचलित आकार गोलसर कोपऱ्यांच्या त्रिकोणाचा असतो.

एकेकाळी हॉक्सबिल या समुद्री कासवाच्या पाठीवरील खवल्यांपासून केलेली नखी सर्वोत्तम मानली जाई. हे खवले माणसाच्या नखांप्रमाणेच केराटिनचे असतात. ते लवचीक, टिकाऊ व तारेवरून सहज घसरणारे असल्याने स्वर स्वच्छ उमटे. त्यापायी कासवांची बेसुमार शिकार झाली. खवल्यांचे कंगवे आणि दागिनेही होत असल्याने दोष एकट्या वादकांचा नव्हे. तरीही 1970च्या दशकात आंतरराष्ट्रीय व्यापारावर आलेली बंदी योग्यच होती. भारतातही या कासवाला कायद्याचे संरक्षण आहे.

तत्पूर्वीच, 1922 मध्ये, न्यूयॉर्कच्या डी’अँड्रिया यांनी सेल्युलॉइडच्या नख्या काढल्या होत्या. या पदार्थाचा नाद खवल्यांच्या जवळ जातो, मात्र तो झिजतो आणि चटकन पेट घेतो. नायलॉन मऊ व लवचीक असते. 1981 मध्ये डनलॉपने बाजारात आणलेली टॉर्टेक्स नखी ॲसिटल प्लॅस्टिकची असून घामट बोटांतूनही सहसा निसटत नाही. धातू, लाकूड, शिंग, दगड यांच्याही नख्या होतात; क्वीन वाद्यवृंदाचे ब्रायन मे सहा पेन्सचे नाणे वापरतात.

स्वरावर जाडीचाही मोठा परिणाम होतो. सुमारे 0.5 मिमी जाडीची नखी झंकारासाठी, तर 1 मिमीहून जाड नखी एकेक सूर ठसठशीत काढण्यासाठी निवडतात. सरोदची नखी, म्हणजे जवा, मात्र आजही नारळाच्या करवंटीपासून घडवतात.