अंड्यांतील व लेअर कोंबड्यांच्या मांसातील औषधावशेष

अंडी देणाऱ्या कोंबड्यांना दिलेल्या औषधाचा, किंवा शरीरात त्यापासून बनलेल्या पदार्थाचा, अंड्यात व मांसात उरणारा अंश. प्रतिजैविके, रक्ती हगवणीवरील औषधे, जंतनाशके आणि कीटकनाशके यांतून तो येतो. मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या ब्रॉयलरपेक्षा अंडी देणाऱ्या लेअर कोंबडीत हा प्रश्न अवघड आहे. ब्रॉयलरची विक्री काही दिवस पुढे ढकलता येते. लेअर मात्र औषध चालू असतानाही अंडी देतच राहते.

अंड्याचा पांढरा भाग अंडवाहिनीत सुमारे 3 तासांत तयार होतो. बलक मात्र अंडाशयात शेवटचे 10 दिवस झपाट्याने वाढतो. त्यातील मेद व प्रथिने यकृतात बनून रक्तावाटे येतात, आणि रक्तातले औषधही त्यांच्यासोबत आत शिरते. अंडाशयात एकाच वेळी लहानमोठे अनेक बलक भरत असतात: सर्वांत मोठा उद्याच्या अंड्यात जातो, लहानांची पाळी आठवड्याने येते. त्यामुळे पाण्यातून दिलेले औषध बंद झाले, कोंबडी बरी दिसू लागली, तरी पुढचे कित्येक दिवस ते अंड्यांत उतरत राहते. मेदात विरघळणारी औषधे बलकात साठतात. सल्फा औषधे पांढऱ्या भागातही सापडतात.

शेतकऱ्याने काहीही दिले नसतानाही अवशेष येऊ शकतात. ब्रॉयलरच्या खाद्यात घातले जाणारे निकार्बाझिन हे रक्ती हगवणीवरील औषध मिक्सरमध्ये उरले आणि त्याच यंत्रात लेअरचे खाद्य मिसळले, तर तेवढ्यानेही ते बलकात दिसते. अशा वेळी दोष खाद्य कारखान्याचा असतो, आणि नाकारली जातात शेतकऱ्याची अंडी.

2017 साली नेदरलँड्स व बेल्जियममध्ये रेड माइट या रक्तपिपासू किडीसाठी शेडमध्ये वापरलेल्या द्रावणात फिप्रोनिल हे कीटकनाशक निघाले. अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांवर त्याचा वापर युरोपीय संघात निषिद्ध आहे. लाखो अंडी बाजारातून काढून घ्यावी लागली. कोंबडीच्या चरबीत मुरलेले हे रसायन फार सावकाश बाहेर पडते, त्यामुळे शेड धुऊनही अंडी लगेच निर्दोष झाली नाहीत.

अवशेषांचा आरोग्याला धोका औषधागणिक वेगळा असतो. पेनिसिलिनचा अंश त्याची ॲलर्जी असलेल्यांना बाधू शकतो. क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकामुळे क्वचित अस्थिमज्जा निकामी होते. औषधांना न जुमानणारे जंतू वाढणे हा त्याहून व्यापक धोका. याच कारणाने भारताने 2019 मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत कोलिस्टिन या प्रतिजैविकाच्या वापरावर बंदी घातली. अंडे उकडल्याने अवशेष नाहीसे होतील यावर विसंबू नये. नायट्रोफ्युरान गटातील प्रतिजैविकांपासून शरीरात बनणारे पदार्थ उष्णतेतही टिकतात.

औषध थांबवल्यापासून अंडी वा मांस विक्रीयोग्य होईपर्यंतच्या मुदतीला प्रतीक्षाकाळ म्हणतात. भारतीय नियमांत 2012 पासून तो औषधाच्या वेष्टनावर छापावा लागतो; औषधासाठी ठरावीक मुदत नसल्यास अंड्यांसाठी किमान 7 व मांसासाठी 28 दिवस धरले जातात. इतक्या दिवसांची अंडी टाकणे लहान शेडला परवडत नाही, आणि नियम पाळण्यातली खरी अडचण हीच आहे. अंडी कमी झाल्यावर मांसासाठी विकल्या जाणाऱ्या कोंबड्यांकडे तर आणखी दुर्लक्ष होते. व्यापाऱ्याची गाडी ठरते ती अंड्यांचा उतारा व बाजारभाव पाहून. औषध शेवटचे कधी दिले ती तारीख त्या सौद्यात विचारली जायला हवी.