नवी पोथी, गळालेली पानं: स्क्विड २ ते स्क्विड ३

आजचा भाग सुरू होतो कुडाळजवळच्या पिंगुळीत.

इथल्या ठाकर समाजाची चित्रकथी तुम्हाला माहीत असेल. सुट्या चित्रांची पोथी असते. एकेक चित्र पुढे धरायचं आणि रामायण-महाभारतातली गोष्ट सांगत जायचं. परशुराम गंगावणे यांनी २००६ मध्ये घरच्या गोठ्यात या कलेचं संग्रहालय उभं केलं. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आता समजा, जुन्या पोथीवरून कुणी नवी पोथी काढली. रंग झकास, पण मधली चार चित्रंच राहिली. गोष्ट तिथेच अडणार, हो ना?

एका सॉफ्टवेअरचं नेमकं हेच झालं. त्याचं नाव स्क्विड. आपल्याकडे ज्याला माकूल म्हणतात, तेच!

स्क्विड हा प्रॉक्सी सर्व्हर. म्हणजे तुमच्या आणि इंटरनेटच्या मधला माणूस. एकाने मागवलेलं पान तो जवळ ठेवतो आणि दुसऱ्याने मागितलं की तिथूनच देतो. अमेरिकेतल्या हार्वेस्ट या संशोधन प्रकल्पातून तो निघाला. १९९६ मध्ये ड्वेन वेसल्स यांनी पहिली आवृत्ती आणली, सगळ्यांना खुली आणि फुकट. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. लाईन हळू आणि महाग. एका कनेक्शनवर अख्खी लॅब चालवायची तर असा मधला माणूस हवाच.

डिसेंबर २००७ मध्ये स्क्विड ३.० आलं. कोड सी भाषेतून सी प्लस प्लसमध्ये नेला होता. आणि गंमत बघा, २००८ मध्ये जुन्या घराण्यातलं २.७ सुद्धा आलं! त्यात एक सोय होती: एकच व्हिडिओ वेगवेगळ्या पत्त्यांवरून आला तरी तो एकच आहे हे ओळखायचं आणि एकदाच साठवायचं. ३.० मध्ये ही सोय नव्हती. ती नव्या रूपात परत आली ३.४ मध्ये, २०१३ च्या डिसेंबरात. मग ज्यांचं काम तिच्यावर चालायचं, ते २.७ वरच थांबले. त्यांना आळशी कसं म्हणणार?

पण थांबण्याचीही किंमत असते. जुन्या आवृत्तीची डागडुजी बंद होते आणि भोकं तशीच राहतात. २०२३ मध्ये एका संशोधकाने स्क्विडमधले ५५ दोष जाहीर केले. ते त्याला २०२१ मध्येच सापडले होते आणि बरेचसे तोवर दुरुस्तही झाले नव्हते. कारण साधं आहे: जगभर वापरलं जाणारं हे सॉफ्टवेअर मूठभर स्वयंसेवक सांभाळतात.

म्हणून तुमच्या कॉलेजात कधी हे काम अंगावर आलं, तर आधी जुनी सेटिंग फाईल बाजूला जपून ठेवा. आपण नेमक्या कुठल्या सोयी वापरतो, त्याची यादी करा. नव्या आवृत्तीत त्यांची नावं बदललेली असू शकतात, ३.१ मध्ये ‘ट्रान्सपरंट’चं ‘इंटरसेप्ट’ झालं, तसं. स्क्विड चालू न करता फाईल नुसती तपासायची कमांडही आहे, ती आधी चालवा. सगळं जुळलं की मगच जुनं बंद करा.

नवी पोथी काढायलाच हवी, मंडळी. फक्त जुनी मिटण्याआधी पानं मोजून घ्या. भेटू पुढच्या भागात!