ज्योतीची खिडकी

अलिबागकडून मुरुडला येताना गावाच्या आधी राजवाडा दिसतो. समुद्रावर कललेली टेकडी, तिच्यावर घुमट, मनोरे आणि वर निमुळत्या होत गेलेल्या कमानी.

माझी आजी मुरुडची. तिचे वडील वाडीतली सुपारी राजवाड्यावर पोचवायचे, कधीमधी तिलाही न्यायचे. दाराशी उभ्या त्या पोरीच्या मनात एकच गोष्ट राहिली, ती म्हणजे फरशीवर पडलेलं खिडकीचं ऊन. "पणतीच्या ज्योतीसारखं गो बाय," ती सांगायची. त्या आकाराला गॉथिक कमान म्हणतात, हे मला पुढे कॉलेजात कळलं.

राजवाडा १८८५चा, नबाब सिद्दी अहमदखानांच्या काळातला, म्हणून अहमदगंज. तेव्हा मुंबईत राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट उभं राहून सात वर्षं झाली होती, बोरीबंदर स्टेशनचं काम चालू होतं. पण ही मुंबईची नुसती नक्कल नव्हे. टोकदार कमान युरोपातल्या चर्चांच्याही आधी इस्लामी वास्तूंत रुळलेली होती. म्हणून इथे मुघली घुमटाशेजारी गॉथिक खिडकी परकी वाटत नाही. दोघं जुन्या नात्यातलीच. अर्धगोल कमान भार बाजूंना रेटते, टोकदार कमान तो बराचसा सरळ खाली उतरवते. त्यामुळे भिंतीत उंच खिडक्या काढता येतात.

त्या उंच खिडक्यांचं मोल समुद्रातला जंजिरा, सिद्दींचा जुना किल्ला, पाहिल्याशिवाय कळत नाही. तिथे काळा तट थेट पाण्यातून वर येतो आणि समुद्राकडे तोंड असतं ते तोफांचं. १६८२मध्ये संभाजी महाराजांनी खाडीत भराव घालून किल्ल्यापर्यंत वाट काढायचा प्रयत्न केला होता. ज्या दर्यावर सिद्दींनी पिढ्यान्‌पिढ्या तोफा रोखल्या, त्याच दर्याकडे त्यांच्या वारसाने घराच्या खिडक्या उघडल्या. मला या वास्तूत सगळ्यात मोठं वाटतं ते हे.

पणजी नबाबांच्या बेगम नाझलींचं सांगायची. त्या १९०८मध्ये विलायतेला गेल्या, बहीण अतिया फैजीही बरोबर होती. परतल्यावर बेगमसाहेबांनी उर्दूत प्रवासवर्णन लिहिलं. पणजीला अक्षरओळख नव्हती, पण "आमच्या बेगमने पुस्तक लिवलं," हे ती घरच्या लेकीचं सांगावं तसं सांगायची.

आणि गावात सांगतात ते भुयार! राजवाड्यातून दर्याखालून थेट किल्ल्यात जाणारं. तसं भुयार नाही. पण किल्ला सोडून नबाब गावात राहायला आले तरी लोकांनी मनातून त्यांना किल्ल्यापासून तोडलं नव्हतं, एवढं त्या गोष्टीतून मला कळतं.

१९४८मध्ये संस्थान विलीन झालं. राजवाडा आजही खासगी आहे, फाटक बंद असतं. आजी थकल्यावर एकदा तिला रिक्षाने तिथवर नेलं. खाऱ्या वाऱ्यात ती बराच वेळ वर बघत राहिली. मग दोन्ही हात उचलून तिने बोटांची टोकं एकमेकांना टेकवली, तळवे मात्र लांब ठेवले.

रिक्षावाल्याला वाटलं, आजी नमस्कार करतेय.

"नाय रे," ती म्हणाली, "खिडकी दाखवते."