घरगुती विद्युत मोटार आणि विहिरीवरील मोटार : एका पाठाचा इतिहास

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत मोडतो. अकोले तालुक्यात प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण 1926 मध्ये पूर्ण झाले. तथापि कालव्याचे पाणी जेथे पोहोचत नाही, तेथील शेती विहिरीवरच अवलंबून राहिली. या विहिरींवर प्रथम मोट होती, नंतर तेलावर चालणारे इंजिन आले आणि शेवटी विद्युत मोटार आली. मोटेची धाव ओस पडली आणि ‘मोटार’ हा शब्द इतका रूढ झाला की, ग्रामीण बोलीत त्याचा पहिला अर्थ पाणी उपसणारे यंत्र असाच होतो. शालेय विज्ञानात घरगुती साहित्यातून करावयाची मोटार अशा प्रदेशातील विद्यार्थ्यासमोर येते, तेव्हा ती विहिरीवरील मोटारीची लहान प्रतिकृती होय, असे तो सहज गृहीत धरतो. इतिहासाच्या कसोटीवर हे गृहीत टिकत नाही.

घरगुती मोटारीची घडण सुपरिचित आहे. दीड व्होल्टचा सेल, सायकलच्या ट्यूबचा कापलेला पट्टा, दोन सेफ्टी पिना, जुन्या ध्वनिक्षेपकातील चुंबक आणि सुमारे एक मीटर इनॅमलचा लेप असलेली तांब्याची तार एवढे साहित्य पुरते. जळालेल्या मोटारी भरून देणाऱ्या रिवाइंडिंगच्या दुकानांमुळे अशी तार खेड्यापाड्यांतही दुर्मिळ नाही. स्थानिक साहित्यातून प्रयोग करण्याच्या विचारास युनेस्कोच्या 1956 मधील विज्ञानशिक्षणविषयक ग्रंथाने जगभर चालना दिली. महाराष्ट्रात सेफ्टी पिनांची ही मोटार घरोघरी पोहोचविण्यात अरविंद गुप्ता यांचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे काम केले.

या रचनेचे मर्म तारेच्या दोन टोकांत आहे. एका टोकावरील लेप पूर्ण खरवडावयाचा, दुसऱ्यावरील केवळ एका बाजूचा. दोन्ही टोके पूर्ण खरवडली, तर वेटोळे थोडे वळते, मागेपुढे झुलते आणि थांबते. कारण अर्ध्या फेऱ्यानंतर चुंबकीय प्रेरणा उलट दिशेने कार्य करू लागते. अर्धवट खरवडलेले टोक नेमक्या त्या अर्ध्या फेऱ्यात प्रवाह तोडते आणि वेटोळे स्वतःच्या जडत्वाने पुढे जाते.

हीच अडचण एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील संशोधकांपुढे होती. विद्युत्प्रवाहामुळे चुंबकसूची ढळते, हे ओर्स्टेड यांनी 1820 मध्ये दाखविले. 1821 मध्ये फॅराडे यांनी पाऱ्यात बुडविलेली तार चुंबकाभोवती अखंड फिरविली. मात्र या फिरण्यातून उपयुक्त काम घेता येत नव्हते. 1832 मध्ये स्टर्जन यांनी प्रवाहाची दिशा योग्य क्षणी उलटविणारा दिक्परिवर्तक मोटारीस जोडला. 1837 मध्ये डेव्हनपोर्ट या अमेरिकन लोहाराने आपल्या मोटारीचे पेटंट मिळविले. घरगुती मोटारीतील खरवडलेले टोक हा त्या दिक्परिवर्तकाचा अर्धा अवतार होय : ते प्रवाह उलटवीत नाही, केवळ खंडित करते.

विहिरीवरील त्रिकला मोटारीची वंशावळ निराळी आहे. 1824 मध्ये आरागो यांना असे आढळले की, फिरत्या तांब्याच्या तबकडीमागोमाग वर टांगलेली चुंबकसूचीही फिरू लागते. तांबे चुंबकाकडे ओढले जात नसल्याने ही घटना गूढ ठरली. तबकडीत प्रवर्तनाने प्रवाह उत्पन्न होतात, हा उलगडा फॅराडे यांच्या 1831 मधील शोधाने झाला. पुढे 1888 मध्ये फेरारिस यांचा निबंध व टेस्ला यांची पेटंटे प्रसिद्ध झाली. प्रत्यक्ष चुंबक न फिरविता, प्रत्यावर्ती प्रवाहांच्या साह्याने चुंबकीय क्षेत्रच फिरविण्याची ती कल्पना होती. 1889 मध्ये डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्की यांनी तिला त्रिकला मोटारीचे व्यवहार्य रूप दिले. या मोटारीच्या पिंजऱ्यासारख्या फिरत्या भागास बाहेरून एकही तार जोडलेली नसते. तेथे दिक्परिवर्तकाचे प्रयोजनच उरत नाही.

हा भेद केवळ पांडित्याचा नाही. तीनपैकी एक ‘फेज’ गेली की बंद असलेली मोटार घुमते पण फिरत नाही, आणि वेळीच बंद न केल्यास तिची गुंडाळी जळते, हा शेतकऱ्याचा खर्चिक अनुभव आहे. एका कलेच्या अभावी फिरते क्षेत्र निर्माण होत नाही, हे त्याचे कारण. सेफ्टी पिनांच्या मोटारीत फिरते क्षेत्र नसल्यामुळे ती या घटनेचा उलगडा करू शकत नाही.

म्हणून ती त्याज्य ठरत नाही. प्रवाहावर चुंबकीय क्षेत्राची प्रेरणा घडते, हे दोन्ही मोटारींचे समान तत्त्व ती उत्तम शिकविते. मात्र तिच्या जोडीस आरागो यांचा प्रयोग हवा, आणि तोही घरात साध्य आहे. ॲल्युमिनियमचे हलके झाकण पाण्यावर तरंगत ठेवावे, वाऱ्याचा परिणाम टाळण्यासाठी त्यावर थोड्या अंतरावर कागद ताणावा आणि कागदालगत पीळ दिलेल्या दोऱ्याने प्रबळ नालाकृती चुंबक, ध्रुव खाली करून, टांगावा. पीळ सुटू लागताच चुंबक फिरतो, आणि ज्यास तो आकर्षित करीत नाही ते झाकण त्याच दिशेस मंदपणे फिरू लागते. नगर जिल्ह्यातील विहिरीवरच्या मोटारीची खरी पूर्वज ही तबकडी होय. पाठात दोन्ही प्रयोगांना स्थान मिळाले, तर विद्यार्थ्याच्या हातची मोटार आणि त्याच्या शेतातील मोटार यांमधील नाते त्यास यथार्थ स्वरूपात कळेल.