आठ वर्षांचा 'स्वयम्'

आपल्या हिंगोलीतून अभियांत्रिकीला गेलेला मुलगा चार वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडतो. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी २००८ मध्ये 'स्वयम्' या उपग्रहाचे काम हाती घेतले, तो उडाला २०१६ मध्ये! पहिले आराखडे काढणारे अर्धे काम मागून येणाऱ्यांच्या हाती सोपवून केव्हाच पदवीधर झाले होते. पालकहो, मुलाने प्रकल्पात रात्री घालवल्या तर निकाल लगेच विचारू नये, तो यासाठी.

उपग्रह केवढा? दहा सेंटिमीटरचा ठोकळा, वजन किलोभराच्या आत. अवकाशात त्याने दिशा कशी सांभाळावी? विद्यार्थ्यांनी त्यात लोहचुंबक बसवला. होकायंत्राच्या सुईप्रमाणे तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला धरून राहतो, आणि सोबतच्या खास धातूच्या कांड्या हेलकावे शमवतात. यात वीज मुळीच खर्ची पडत नाही. मला तर ही युक्ती अग्निबाणाहून मोठी वाटते.

२२ जून २०१६ रोजी सकाळी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी ३४ या अग्निबाणाने २० उपग्रह नेले. मुख्य होता ७२७.५ किलोचा कार्टोसॅट; त्याच्या सोबतीला 'स्वयम्'. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला मुंबई आयआयटीच्या विद्यार्थ्यांचा 'प्रथम'ही गेला.