कांद्याने सरकार पडते का?

‘कांद्याने सरकार पाडले’ हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकतो, की ते एक अनुमान आहे हे लक्षातच येत नाही. आधी कांदा महागला, नंतर सत्ताधारी हरले. म्हणून ते कांद्यामुळे हरले. या दोन घटनांच्या मधल्या न बोललेल्या पायऱ्या कोणत्या, ते शोधू या.

१९९८ साली कांद्याचे भाव कडाडले. दिल्लीत ते किलोला ४० रुपयांच्या वर गेले. नोव्हेंबरमध्ये दिल्ली, राजस्थान आणि मध्य प्रदेशात विधानसभेच्या निवडणुका झाल्या. दिल्ली व राजस्थानात भारतीय जनता पक्षाची सरकारे होती. काँग्रेसने दिल्लीत ७० पैकी ५२ आणि राजस्थानात २०० पैकी १५३ जागा जिंकल्या. अनेकांनी कांद्याकडे बोट दाखवले.

पण मध्य प्रदेशात काय झाले? तिथेही काँग्रेसच जिंकली. आणि तिथे आधीपासून काँग्रेसचेच सरकार होते! महागाईची शिक्षा मतदार राज्य सरकारला देतात असे गृहीत धरले, तर हा निकाल उलटा पडतो. ती केंद्र सरकारला देतात असे धरले, तर तिन्ही निकाल जुळतात. कारण केंद्रातले सरकार भाजपच्या नेतृत्वाखाली होते. वाक्य एकच, पण त्याच्या पोटात दोन वेगळी गृहीतके असू शकतात. शिवाय जुळणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे. दिल्लीत पाच वर्षांत तीन मुख्यमंत्री झाले होते, त्याचा परिणाम काहीच झाला नसेल का? दुसरे कोणतेही कारण नव्हते, हेही आपण न बोलता गृहीत धरलेले असते.

आणखी एक गृहीतक असे, की मतदार म्हणजे कांदा विकत घेणारा. लासलगावच्या बाजार समितीत कांदा विकायला आणणारा शेतकरीही मतदारच असतो. त्याला पडलेल्या भावाची धास्ती असते. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. ती मे २०२४ मध्ये उठली. त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत लासलगाव ज्या दिंडोरी मतदारसंघात येते, तिथे केंद्रात राज्यमंत्री असलेल्या उमेदवार पराभूत झाल्या. ‘निर्यातबंदीने हरवले’ असे लगेच म्हटले गेले. असेलही, पण इथेही तपासणी तशीच करायला हवी.

हा केवळ तर्काचा खेळ नाही. कांदा सरकार पाडतो असे राज्यकर्त्यांना वाटत असेल, तर निवडणूक जवळ आली की भाव दाबण्याचा मोह होतो आणि त्याची किंमत शेतकरी मोजतो.

वर्गात वर्तमानपत्रातले असे एखादे विधान घ्यावे. ‘हे खरे ठरायला आणखी काय काय खरे असावे लागेल?’ असे विचारून मुलांना यादी करू द्यावी. मग प्रत्येक गृहीतक ज्याने खोटे ठरेल असे उदाहरण शोधायला सांगावे. मध्य प्रदेश तसाच सापडतो.